इंदूर लोकसभा मतदारसंघ: ‘मराठी मतं किती?’ याचा हिशेब नक्की कसा लावायचा

जुनी_इंदूर (धागाकर्ता)

निवडणूक जवळ आली की इंदुरात ‘मराठी मतां’चा एक आकडा फिरायला लागतो. दोन माणसांचे आकडे कधी जुळत नाहीत, एकाचा दुसऱ्याच्या दुप्पट असतो, पण दोघेही छातीठोकपणे सांगतात. मग त्याच आकड्यावर पुढचं सगळं रचलं जातं. सुमित्राताई महाजन १९८९ ते २०१४ सलग आठ वेळा निवडून आल्या त्या मराठी मतांवर, आणि २०१९ मध्ये भाजपचं तिकीट ताईंऐवजी सिंधी समाजातल्या शंकर लालवानींना गेलं म्हणजे मराठी वजन संपलं, असं ठरवून टाकतात.

या समजाला निकालाचे आकडेच आधार देत नाहीत. २००९ मध्ये ताई ११,४८० मतांनी निवडून आल्या. २०१४ मध्ये ४,६६,९०१ मतांनी. समोर दोन्ही वेळा काँग्रेसचे सत्यनारायण पटेलच होते. उमेदवार तेच, मतदारसंघाच्या हद्दी त्याच (२००८ च्या पुनर्रचनेनंतरच्या), मध्ये फक्त पाच वर्षं, आणि फरक चाळीस पटीने वाढला. पाच वर्षांत शहरातली मराठी घरं चाळीस पट झाली नव्हती. २०१९ मध्ये तर दोन्ही बाजूंना मराठी उमेदवारच नव्हता: लालवानी १०,६८,५६९, काँग्रेसचे पंकज संघवी ५,२०,८१५. फरक ५,४७,७५४, म्हणजे ताईंच्या २०१४ च्या फरकापेक्षाही मोठा.

म्हणून विनंती अशी की या धाग्यावर समाजांच्या बेरजा नकोत. मतदारसंघ बूथवरून कसा वाचायचा, कागद कुठले लागतात, कुठे फसगत होते, हे जाणकारांनी लिहावं.

सुरुवात हद्दीपासून करतो, कारण पहिली चूक तिथेच होते. इंदूर जिल्ह्यात विधानसभेच्या नऊ जागा आहेत, लोकसभेच्या मतदारसंघात त्यातल्या आठच: देपालपूर, इंदूर-१ ते इंदूर-५, राऊ आणि सांवेर. महू जिल्ह्यात असूनही लोकसभेला धारमध्ये जातं, आणि धार अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. जिल्ह्याचे आकडे घेऊन लोकसभेची चर्चा करणारे महूची छावणी, बाबासाहेबांच्या जन्मभूमीचा परिसर आणि मानपूरकडचा आदिवासी पट्टा नकळत आपल्यात मोजून बसतात.

आठांतल्या पाच जागा पूर्ण शहरी आहेत. राऊ अर्धं शहर, अर्धं गाव. देपालपूर आणि सांवेर मुख्यतः शेतीचे, त्यातलं सांवेर अनुसूचित जातींसाठी राखीव. ‘शहराचा मतदारसंघ’ म्हणून देपालपूरचे कलोता, खाती, राजपूत मतदार सोडून देणं हीसुद्धा नेहमीची चूक आहे.

नंदानगर

धागा छान काढलात काका. मिलच्या पट्ट्याबद्दल लिहितो, कारण तो समजल्याशिवाय इंदूरचं राजकारण कळत नाही.

मालवा मिल, हुकुमचंद, राजकुमार, कल्याण, स्वदेशी. या गिरण्यांभोवती परदेशीपुरा, पाटणीपुरा, नंदानगर, शीलनाथ कॅम्प या वस्त्या उभ्या राहिल्या. ‘परदेशीपुरा’ या नावातच वस्तीची घडण आहे: बाहेरून आलेले लोक. उत्तर प्रदेशातले पूरबिये, बुंदेलखंडातले, राजस्थानातले बैरवा, मराठी मुलखातले कामगार. मत जातीने ठरायच्या आधी खात्याने आणि युनियनने ठरत होतं. १९६२ मध्ये होमी दाजी अपक्ष म्हणून कम्युनिस्टांच्या पाठिंब्यावर लोकसभेवर गेले. पारशी माणूस, आणि शहरात पारशांची घरं मोजकी. इंटक या काँग्रेसच्या कामगार संघटनेचे रामसिंहभाई पुढे १९७२ च्या पोटनिवडणुकीत गेले. त्या काळात युनियनचा माणूस दवाखान्याची चिठ्ठी, घराचा ताबा, मुलाची बदली कामगार म्हणून भरती, सगळं बघायचा. मत त्या नात्यातून यायचं.

गिरण्या बंद पडल्या आणि ते नातं तुटलं. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद झाली, कामगारांची देणी २०२३ च्या डिसेंबरात मिळायला लागली. बत्तीस वर्षं! मधल्या काळात चिठ्ठी देणारा माणूस बदलला. युनियन ऑफिसची जागा नगरसेवकाच्या ऑफिसने, गणेश मंडळाने आणि भंडाऱ्याने घेतली. आजचं इंदूर-२ तिथूनच आलं. २०२३ मध्ये रमेश मेंदोला या जागेवरून १,०७,०४७ मतांनी निवडून आले, अख्ख्या मध्य प्रदेशात सर्वांत मोठा फरक. जो पट्टा एकेकाळी लाल होता तोच भाजपचा सर्वांत पक्का पट्टा झाला, आणि लोक बरेचसे तीच कुटुंबं आहेत.

आणखी एक. ‘इंदूरचे मराठी’ म्हटलं की रामबाग, नारायणबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर एवढंच डोळ्यासमोर येतं. मिल पट्ट्यात ‘कुलकर्णी का भट्टा’ नावाची वस्ती आहे, ती मराठी यादीत कुणी धरत नाही. होळकरांच्या फौजेबरोबर आलेले धनगर आणि मराठे, शिंपी, कोष्टी, बौद्ध समाज, यांची मतं आणि सानंद या मराठी सांस्कृतिक संस्थेच्या नाटकांना येणाऱ्या प्रेक्षकांची मतं एकाच खिशात घालणं चूक आहे.

मधुरा_राऊ

मग मतदार यादी घेऊन मराठी आडनावं मोजली तर? यादी तर सगळ्यांना खुली असते.

यादीवाला

मोजता येतात मधुराताई, पण कष्ट फार आणि सापळेही भरपूर. नीट लिहितो.

मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या संकेतस्थळावर विधानसभानिहाय, भागनिहाय यादी मिळते. एक भाग म्हणजे साधारण एका मतदान केंद्राचे मतदार. पहिल्या पानावर भागातल्या गल्ल्या-कॉलन्यांचे अनुभाग आणि केंद्राच्या इमारतीचं नाव, पुढे नकाशा, मग एका पानावर तीस चौकटी. बाराशे मतदारांचा भाग म्हणजे चाळीस पानं. फाइल चित्ररूप असते, त्यामुळे शोध चालत नाही, डोळ्यांनीच मोजावं लागतं. वगळल्याचा शिक्का असलेली चौकट सोडायची. शेवटच्या पानावरच्या गोषवाऱ्याशी एकूण बेरीज जुळवायची. जुळली नाही तर पुरवणीतली नवी नावं बहुतेक सुटलेली असतात.

आता आडनावांचे सापळे. ‘जोशी’ मराठी असतील, मालवी असतील, गुजरातीही असतील. ‘पवार’ आणि ‘पंवार’ यादीत कुठल्याही शुद्धलेखनाने येतात, आणि माळव्यातले पंवार राजपूत वेगळे. ‘पटेल’ ही माळव्यात गावच्या मुखियाची पदवी आहे, ती खाती, कुलमी आणि खजराण्यातले मुसलमान असे सगळेच लावतात, त्यामुळे ‘पाटील’चा ‘पटेल’ झालेला असेल तर ओळखणं अशक्य. ‘वर्मा’, ‘चौहान’, ‘सोलंकी’ यांवरून समाज सांगताच येत नाही. बायकांच्या नावापुढे बरेचदा आडनावच नसतं, ‘सुनीता बाई’ एवढंच. तिथे पतीच्या किंवा वडिलांच्या नावावरून ठरवावं लागतं. मराठी मुलगी सिंधी किंवा माळवी घरात गेली, की ती सासरच्या आडनावाने मोजली जाते.

यावर एकच उपाय, तीन रकाने करायचे: नक्की मराठी (कुलकर्णी, देशपांडे, सरवटे, गोखले, खांडेकर अशी), संशयित, आणि बाकी. आकडा सांगताना पहिला रकाना ‘कमीत कमी’ आणि पहिला अधिक दुसरा ‘जास्तीत जास्त’ असा सांगायचा. मधला एकच आकडा सांगणाऱ्याने अंदाज केलेला असतो.

जनगणनेची मदत मर्यादित आहे. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जाती-जमातींची संख्या वॉर्डनिहाय आहे, बाकी जातींची मोजणीच नाही. मातृभाषेचे आकडे मतदारसंघाच्या हद्दीने मिळत नाहीत. शिवाय तेव्हा महापालिकेचे वॉर्ड ६९ होते. नंतर २९ गावं शहरात आली आणि वॉर्ड ८५ झाले. जुन्या वॉर्डाचा आकडा नव्या वॉर्डाला चिकटवला की हिशेब तिथेच बिघडतो.

एक विनंती मात्र मनापासून. मोजणी झाली की फक्त बेरजा ठेवा, नावांच्या याद्या पुढे पाठवू नका. यादी खुली आहे ती मतदाराला आपलं नाव तपासता यावं म्हणून. घरागणिक समाज लिहिलेला कागद गल्लीत फिरला तर त्यातून कुणाचं भलं होत नाही.

मतपत्रिका

यादीवरून फक्त ‘कोण राहतं’ ते कळतं. ‘मत कुठे गेलं’ यासाठी नमुना २० लागतो. निकालानंतर निवडणूक अधिकारी हा तक्ता काढतात: प्रत्येक केंद्राची एक ओळ, आडवे उमेदवार, मग वैध मतांची बेरीज, नोटा, एकूण. लोकसभेला तो विधानसभेच्या खंडानुसार निघतो. टपाली मतं केंद्राच्या ओळीत नसतात, शेवटी वेगळी येतात. म्हणून केंद्रांची बेरीज आणि जाहीर निकाल जुळला नाही तर घाबरू नका, आधी टपाली ओळ बघा.

वाचायचा क्रम असा ठेवा. आधी प्रत्येक ओळीची आडवी बेरीज तपासायची, कारण स्कॅन केलेल्या तक्त्यात ३ चा ८ सहज होतो. मग उभी बेरीज. मग केंद्राचं नाव मतदार यादीच्या पहिल्या पानाशी जुळवायचं. मग कुठे दोन निवडणुकांची तुलना.

तुलनेत सगळ्यात जास्त चुका केंद्राच्या क्रमांकामुळे होतात. २०१९ चं केंद्र १२३ आणि २०२४ चं केंद्र १२३ एकच असेल असं अजिबात नाही. मतदार वाढले की सहायक केंद्र निघतं, मधे एक क्रमांक घुसतो आणि पुढचे सगळे सरकतात. क्रमांकावर क्रमांक ठेवून तुलना केली तर खजराण्याची मतं कनाडिया रोडच्या कॉलनीला लागतात. त्यामुळे जुळणी इमारतीच्या नावाने आणि अनुभागाने करायची. एका शाळेत चार केंद्रं असतील तर चारही मिळून एकच ओळ करायची. बारकावा थोडा जातो, पण चूक टळते.

आकडेमोड_इंदूर

वरच्या दोघांच्या कागदांना जोडणारा हिशेब मी मांडतो. यात सगळे जण एक उडी मारतात, तीच टाळायची आहे.

समजा एका केंद्रावर ८०० मतं पडली. त्यात ४८० मराठी, ३२० इतर. एका पक्षाला ५६० मिळाली. लोक लगेच म्हणतात, ‘मराठी वस्तीत ७० टक्के, म्हणजे ७० टक्के मराठी त्या पक्षाकडे.’ हे सिद्ध होत नाही. सिद्ध होतं ते एवढंच: इतर ३२० च्या ३२० त्या पक्षाला पडली असं धरलं, तरी उरलेली २४० मराठी घरांतूनच आली. म्हणजे ४८० पैकी कमीत कमी २४०, निम्मी. जास्तीत जास्त? सगळी ४८०. उत्तर ‘निम्मी ते सगळी’ यांच्या मधे कुठेतरी आहे.

आता दुसरं केंद्र घ्या. मतं ८०० च, पण मराठी १६०, इतर ६४०. पक्षाला ५६०. इतर ६४० मधूनच ५६० येऊ शकतात, म्हणून मराठी मतं कमीत कमी शून्य आणि जास्तीत जास्त १६०. म्हणजे या केंद्रावरून मराठी मतदाराबद्दल काहीही कळत नाही.

इंदूरच्या मराठी वस्तीची खरी अडचण हीच आहे. जुन्या शहरातले वाडे गेले, घरं पश्चिमेला लोकमान्य नगर, सुदामा नगर, वैशाली नगरकडे सरकली, काही राजेंद्र नगरला, काही टिळक नगरला, नव्या पिढीचे फ्लॅट बायपासपर्यंत. ही वस्ती इंदूर-४, राऊ, इंदूर-५ अशी वाटली गेली आहे, आणि बहुतेक केंद्रं दुसऱ्या प्रकारात मोडतात. आझाद नगर, खजराणा किंवा जयरामपूर कॉलनीसारखी एकसलग वस्ती असेल तर तिथल्या केंद्रांवरून ठामपणे बोलता येतं. विखुरलेल्या समाजाबद्दल येत नाही.

आणखी एक काळजी: ४८० हा आकडा यादीतला नको, मतदानाला आलेल्यांचा हवा. यादीत ६० टक्के असलेला समाज मतदानात ६० टक्के असेलच असं नाही. मुलं पुण्याला, बंगळूरला नोकरीला, नाव अजून इंदूरच्या यादीत: अशी घरं मराठी कॉलन्यांत किती आहेत ते आपल्याला माहीत आहे. भंवरकुआंच्या वसतिगृहांत याच्या अगदी उलट, राहणारे हजारो आणि नाव प्रत्येकाच्या गावी.

मधुरा_राऊ

हे लक्षात आलं. आता २०२४ कसं वाचायचं? काँग्रेसचा रकानाच नाही तक्त्यात.

मतपत्रिका

आधी रकाना का नाही ते, कारण यात नियमांचा खेळ बारीक आहे.

इंदूर चौथ्या टप्प्यात होतं: अर्जाची शेवटची तारीख २५ एप्रिल, माघारीची २९ एप्रिल, मतदान १३ मे. माघारीच्या शेवटच्या दिवशी काँग्रेसचे अक्षय कांती बम यांनी अर्ज मागे घेतला आणि ते भाजपमध्ये गेले. माघारीची सूचना दुपारी तीनच्या आत द्यावी लागते आणि एकदा दिली की परत घेता येत नाही. पक्षाला दुसरं नाव देण्याची मुदत तोवर संपलेली असते, कारण ‘बी’ फॉर्म (पक्षाचा अधिकृत उमेदवार कोण ते कळवणारा कागद) अर्जाच्या शेवटच्या दिवशी तीनपर्यंतच घेतात.

‘मग पर्यायी उमेदवार कुठे गेला?’ असं विचारतात. पक्ष बी फॉर्मवर मुख्य आणि पर्यायी अशी दोन नावं देतो. छाननीत मुख्य उमेदवाराचा अर्ज मंजूर झाला की पर्यायी माणूस पक्षाचा उमेदवार राहत नाही. मग तो अपक्ष म्हणून टिकू शकतो का? तर मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. पर्यायी अर्जावर एकच सूचक असला की तो छाननीत बाद. इंदुरात नेमकं हेच घडलं, आणि उच्च न्यायालयानेही दिलासा दिला नाही. ज्या पक्षाला धोका टाळायचा असेल त्याने पर्यायी उमेदवाराच्या अर्जावर आधीच दहा सूचकांच्या सह्या घ्याव्यात. चिन्ह मिळणार नाही, पण माणूस मैदानात राहील.

काँग्रेसने मग मतदारांना नोटा दाबायचं आवाहन केलं. शेवटी १४ उमेदवार उरले. नोटा धरून पंधरा बटणं, एकाच मतदान युनिटवर मावली.

निकाल: लालवानी १२,२६,७५१, बसपाचे संजय सोळंकी ५१,६५९, फरक ११,७५,०९२. आणि नोटा २,१८,६७४, एकूण मतांच्या सुमारे १४ टक्के. याआधी देशातला नोटाचा उच्चांक बिहारच्या गोपालगंजचा होता, २०१९ मध्ये ५१,६६०. इंदुरात तेवढी मतं दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारालाच मिळाली, एक कमी. नोटाला कायद्याने काही वजन नाही. तो पहिला आला तरी उमेदवारांत ज्याची मतं जास्त तोच निवडून येतो.

नंदानगर

यावरून आमच्याकडे सरळ वजाबाकी चालते: २०१९ मध्ये काँग्रेसला ५.२० लाख, २०२४ मध्ये नोटा २.१८ लाख, म्हणजे ‘काँग्रेसची ४२ टक्के मतं शाबूत, बाकी भाजपकडे’. बरोबर आहे का हे?

आकडेमोड_इंदूर

नाही, आणि का नाही ते लालवानींच्याच आकड्यावरून दिसतं. त्यांची मतं १,५८,१८२ ने वाढली. पण मतदानाची टक्केवारी सुमारे ६९ वरून ६२ वर आली, आणि यादी मात्र वाढली होती. म्हणजे ‘घरी बसले’ हा तिसरा रस्ता आहे, आणि तो दोन्ही पक्षांच्या मतदारांना खुला होता. निकाल ठरलेला आहे म्हणून भाजपचे काही आले नसतील. नोटामध्ये उमेदवार पळवल्याचा राग असलेले भाजपचे मतदारही असू शकतात. पाच वर्षांत नवे मतदार आले, काही गेले. दोन बेरजांमधून हे चारही प्रवाह वेगळे काढता येत नाहीत.

केंद्रावर उतरलं तर थोडं कळतं. जिथे २०१९ मध्ये काँग्रेसला ८० टक्क्यांच्या वर मतं होती अशा इमारती आधी वेगळ्या काढा. २०२४ च्या ओळीत तिथे दोनच गोष्टी बघा: एकूण मतदान किती पडलं, आणि पडलेल्यात नोटा किती. मतदान टिकलं आणि नोटा वर गेला तर काँग्रेसचं नोटाचं आवाहन तिथे पोचलं. मतदान कोसळलं आणि नोटाही मामुली, तर लोक घरी बसले. दोन्ही एकाच मतदारसंघात, कधी शेजारच्या दोन गल्ल्यांत होऊ शकतं.

जुनी_इंदूर (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. यात विधानसभेची एक भर घालतो. लोकसभेचा मोठा फरक बघून जागा एकसारखी वाटते, पण आत तसं नाही. इंदूर-५ मध्ये २०१८ साली महेंद्र हार्डिया फक्त १,१३३ मतांनी आले होते. एका बाजूला खजराणा-आझाद नगर, दुसऱ्या बाजूला पलासिया, साकेत, टिळक नगर, अशी सरळ चिरलेली जागा. इंदूर-४ मात्र १९९० पासून भाजपकडेच आहे. सिंधी वसाहती आणि मराठी कॉलन्या तिथे एकमेकींना लागून आहेत, त्यामुळे २०१९ मध्ये तिकीट मराठीकडून सिंधीकडे गेल्यावर काही फरक पडला का, हे बघायचं तर इंदूर-४ चे २०१४ आणि २०१९ चे तक्ते शेजारी ठेवावे लागतील. पळशीकर कॉलनी ते सुदामा नगर हा पट्टा मी इमारतीनुसार जुळवायला घेतो. कुणाकडे २०१४ ची केंद्रांची यादी असेल तर सांगा.

यादीवाला

२०१४ ची देतो काका, पण त्याहून निकडीचं काम २०२४ ची जपून ठेवण्याचं आहे. आयोगाने २०२५ मध्ये एका केंद्रावर जास्तीत जास्त १,२०० मतदार अशी मर्यादा घातली, आधी ती १,५०० होती. म्हणजे शहरातली भरलेली केंद्रं फुटणार, क्रमांक पुन्हा सरकणार आणि अनुभाग इकडचे तिकडे होणार. नवी यादी आली की जुनी संकेतस्थळावर शोधणं अवघड होतं. म्हणून आठही विधानसभांच्या प्रत्येक भागाची निदान पहिली दोन पानं आत्ताच उतरवून घ्या. इमारत, अनुभाग आणि मतदारांची बेरीज त्यातच असते, पुढची तीस-चाळीस पानं लागत नाहीत. फाइलला नाव देताना विधानसभेचा क्रमांक, मग भाग, मग वर्ष असं द्या: २०७-०४५-२०२४. इंदूर-४ चा क्रमांक २०७ आहे. मी २०४ आणि २०५ करतो, म्हणजे इंदूर-१ आणि २. मधुराताई, राऊ २१० तुम्ही घ्याल का?

मधुरा_राऊ

घेते. राजेंद्र नगर आणि बिजलपूरचे भाग आधी करते, रविवारपर्यंत इथेच टाकते.